प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे काय? बाळ झाल्यानंतरही बीपी मोजणं का गरजेचं असतं?

गरोदर बाईचे पाय सुजले की घरात म्हणतात, 'आठवा लागलाय, होतंच असं.' बाळंतिणीचं डोकं दुखायला लागलं की म्हणतात, 'वारं लागलं असेल, कान बांधून पडून राहा.'

बहुतेक वेळा हे बोलणं खरंच असतं. गरोदरपणात पाय सुजतात आणि रात्र रात्र जागणाऱ्या आईचं डोकंही दुखतं. पण काही जणींच्या बाबतीत हीच लक्षणं एका गंभीर आजाराची असतात. त्याचं नाव प्रीएक्लॅम्पसिया.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात ३ ते ८ टक्के गरोदरपणांत हा आजार होतो. दरवर्षी त्यात अंदाजे ४६ हजार मातांचा आणि ५ लाखांच्या आसपास गर्भांचा किंवा नवजात बाळांचा जीव जातो. यातले बरेचसे मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. आजार ओळखायला लागतं बीपी मोजायचं यंत्र आणि लघवी तपासायची साधी पट्टी. दोन्ही गोष्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात.

मग अडतं कुठे? ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरीसारख्या गावाच्या नजरेतून हे समजून घेऊ.

प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे नेमकं काय?

गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त होतं आणि लघवीतून प्रोटीन जायला लागतं, तेव्हा डॉक्टर प्रीएक्लॅम्पसियाचं निदान करतात. वरचा किंवा खालचा, दोन्हींपैकी एक आकडा वाढलेला असला तरी तो धरला जातो. एकदाच बीपी वाढलेलं दिसलं म्हणून लगेच शिक्का मारत नाहीत. साधारण चार तासांच्या अंतराने ते पुन्हा मोजतात.

लघवीत प्रोटीन नसेल, पण वाढलेल्या बीपीबरोबर यकृत, किडनी, मेंदू, फुप्फुसं किंवा रक्तातल्या प्लेटलेट्सवर परिणाम दिसत असेल, तरीही हा आजार मानला जातो. त्यामुळे 'लघवी साफ आली म्हणजे सुटलो' असं नसतं.

बीपी १६०/११० च्या घरात गेलं की तो तातडीचा प्रसंग असतो. मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. आजार आणखी वाढला तर आकडी येते, म्हणजे फिट येते. त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ 'अचानक चमकणं' असा आहे. वीज चमकावी तशी ही फिट येते म्हणून हे नाव.

हा आजार होतो कशामुळे?

याचं मूळ वारेत असतं. वार म्हणजे प्लासेंटा, बाळाला आईकडून रक्त आणि अन्न पोचवणारा अवयव.

गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत वारेतल्या पेशी गर्भाशयाच्या छोट्या रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्यांना रुंद करतात. बारीक पाइपाच्या जागी जाड पाइप टाकावा, तसं. प्रीएक्लॅम्पसियात हे काम अर्धवट राहतं. वारेला पुरेसं रक्त मिळत नाही आणि ती आईच्या रक्तात काही घातक प्रथिनं सोडायला लागते.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातलं एक महत्त्वाचं प्रथिन शोधलं. ते रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणाऱ्या घटकांना अडवून धरतं. हे प्रथिन उंदीरवर्गातल्या गाभण माद्यांच्या शरीरात वाढवल्यावर त्यांचं बीपी वाढलं आणि लघवीतून प्रोटीन जायला लागलं.

म्हणजे आजाराची सुरुवात पहिल्या तिमाहीत होते, पण तो दिसतो पाचव्या महिन्यानंतर. 'तिने काळजी घेतली नाही', 'फार टेन्शन घेतलं', 'पापड-लोणची खाल्ली' म्हणून तो होत नाही. ज्या बाईला हा आजार झालाय तिला असं ऐकवणं चुकीचं आहे.

कोणाला जास्त धोका?

तो कोणालाही होऊ शकतो. पण पुढच्या गोष्टी असतील तर धोका वाढतो:

- पहिलंच गरोदरपण
- आधीच्या गरोदरपणात प्रीएक्लॅम्पसिया झालेला असणं
- आधीपासून बीपी, मधुमेह किंवा किडनीचा आजार
- ल्युपससारखे रोगप्रतिकारशक्तीचे आजार
- जुळी किंवा तिळी
- जास्त वजन, पस्तिशीनंतरचं गरोदरपण
- आई किंवा बहिणीला हा त्रास झालेला असणं

धडधाकट शरीर असलं म्हणजे तो होणार नाही, असंही नाही. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेती अमेरिकन धावपटू अॅलिसन फेलिक्सला २०१८ मध्ये गंभीर प्रीएक्लॅम्पसिया झाला आणि ३२ व्या आठवड्यात तिचं सिझर करावं लागलं. तिच्याबरोबर रिलेमध्ये धावलेली टोरी बोवी २०२३ मध्ये आठव्या महिन्यात घरात मृतावस्थेत सापडली. शवविच्छेदनाच्या अहवालात संभाव्य कारणांमध्ये एक्लॅम्पसियाचा उल्लेख होता.

लक्षणं कोणती?

या आजाराची सगळ्यात मोठी अडचण ही, की सुरुवातीला काहीच जाणवत नाही. बीपी १५० असलेली बाई धुणीभांडी, शेतातली कामं नेहमीसारखी करत असते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता दर तपासणीत बीपी मोजायचं असतं.

पुढची लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात जायला हवं:

- गोळी घेऊनही न थांबणारं डोकं दुखणं
- डोळ्यांपुढे काजवे चमकणं, अंधुक किंवा दोन-दोन दिसणं
- बरगडीखाली, विशेषतः उजव्या बाजूला दुखणं
- चेहरा आणि हात अचानक सुजणं, बांगड्या-अंगठी घट्ट होणं
- धाप लागणं, लघवी कमी होणं, अचानक मळमळ-उलट्या
- पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणं

बरगडीखालचं दुखणं अनेकदा 'अॅसिडिटी' म्हणून सोडून दिलं जातं. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर अचानक असं दुखायला लागलं, तर अॅसिडिटीची गोळी घेण्याआधी बीपी तपासून घ्या.

गणेशपुरीतून दवाखाना किती लांब?

भिवंडी तालुक्यातलं गणेशपुरी तानसा नदीकाठी वसलंय. नित्यानंद स्वामींची समाधी आणि गरम पाण्याची कुंडं यांमुळे इथे वर्षभर भाविक येतात. आसपास वारली, कातकरी, मल्हार कोळी समाजाचे पाडे आहेत.

जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र वज्रेश्वरीला. पुढे मोठ्या उपचारासाठी अंबाडी नाक्यावरून भिवंडीला, इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात जावं लागतं. तिथेही भागलं नाही, तर ठाणे. भिवंडी-वाडा रस्ता खड्ड्यांमुळे सतत बातम्यांमध्ये असतो. पावसाळ्यात रात्री या रस्त्यावरून फिट येत असलेल्या बाईला नेणं म्हणजे काय, याची कल्पना इथल्या कोणालाही येईल.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते.

पहिली, स्थलांतर. दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबं भिवंडी परिसरातल्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरी परततात. गरोदर बाईची नोंदणी एका गावात असते आणि ती राहत असते दुसरीकडे.

दुसरी, माहेरपण. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी जाते. नेमका याच काळात प्रीएक्लॅम्पसिया डोकं वर काढतो. आधीचं बीपी किती होतं, हे नव्या दवाखान्यातल्या नर्सला माहीत नसतं. आधी १००/६० असलेलं बीपी आता १३६/८६ झालं असेल, तर ती वाढ मोठी आहे. पण जुना आकडाच समोर नसेल, तर १३६ पाहून 'ठीक आहे' असं वाटू शकतं.

म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड कायम बरोबर हवं. साडीच्या घडीत, पर्समध्ये, कुठेही, पण बाईबरोबर. ते सासरी कपाटात राहून चालत नाही. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवणं तर एका मिनिटाचं काम आहे.

उपचार काय असतात?

आजार मुळापासून जायचा तर वार बाहेर यावी लागते, म्हणजे प्रसूती व्हावी लागते. पण बाळ अजून लहान असेल तर घाई करता येत नाही. त्यामुळे डॉक्टर आई आणि बाळ दोघांचा तोल सांभाळतात. आजार सौम्य असेल तर साधारण ३७ आठवड्यांपर्यंत थांबतात. तो गंभीर असेल तर ३४ आठवड्यांनंतर सहसा थांबत नाहीत. त्याआधीच प्रसूती करावी लागणार असेल, तर बाळाच्या फुप्फुसांची वाढ व्हावी म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात.

बीपी उतरवायला मुख्यतः लॅबेटलॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा ही औषधं वापरतात. या बाबतीत महाराष्ट्रातून जगाला एक महत्त्वाचं उत्तर मिळालंय.

२०१५ ते २०१७ या काळात नागपूरमधल्या दोन सरकारी रुग्णालयांत, बीपी १६०/११० च्या वर गेलेल्या ८९४ गरोदर स्त्रियांवर एक अभ्यास झाला. तिन्हींपैकी एकेक औषध तोंडाने घ्यायला देऊन तुलना करण्यात आली. सहा तासांत, इतर त्रास न होता बीपी आटोक्यात येण्याचं प्रमाण निफेडिपिनमध्ये ८४ टक्के, लॅबेटलॉलमध्ये ७७ टक्के आणि मिथाइलडोपामध्ये ७६ टक्के होतं. २०१९ मध्ये हा अभ्यास 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

याचा गणेशपुरीशी संबंध काय? बीपी खूप वाढलं की शिरेतून औषध द्यायची पद्धत आहे. त्यासाठी सलाइन, सतत लक्ष ठेवणारी माणसं आणि यंत्रं लागतात. लहान केंद्रात हे सगळं दर वेळी नसतं. साधी, स्वस्त गोळीही तातडीच्या प्रसंगी काम करते, हे नागपूरच्या बायकांमुळे पुराव्यासह समजलं. अर्थात गोळी कोणती, किती आणि कधी, हे ठरवायचं डॉक्टरांनीच. घरात कोणाच्या तरी बीपीच्या गोळ्या आहेत म्हणून त्यातली एक गरोदर बाईला देणं धोक्याचं आहे. बीपीची काही औषधं बाळाला इजा करतात.

फिट टाळायला आणि थांबवायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॅगपाय' अभ्यासात ३३ देशांतल्या सुमारे १० हजार स्त्रिया होत्या. या इंजेक्शनमुळे फिट येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, असं त्यात दिसलं. भारतातल्या सरकारी सूचनांनुसार प्रशिक्षित नर्स किंवा एएनएम याचा पहिला डोस देऊ शकते. दोन्ही कुल्ल्यांवर एकेक इंजेक्शन दिलं जातं आणि मग बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवलं जातं. म्हणून फिट आल्यावर वाटेतलं आरोग्य केंद्र टाळून थेट शहराकडे गाडी पळवण्याआधी १०८ वर फोन करून विचारणं बरं. पहिला डोस जवळच मिळाला, तर पुढचा रस्ता कमी धोक्याचा होतो.

बाळ झालं, वार पडली. मग धोका संपला?

नाही. या आजाराबद्दल सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट हीच आहे.

वार बाहेर आली तरी तिने रक्तात सोडलेली प्रथिनं लगेच नाहीशी होत नाहीत. गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी प्रसूतीनंतर हळूहळू रक्तात परत येतं आणि त्यामुळेही बीपी वाढतं. ते सगळ्यात जास्त असतं प्रसूतीनंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी.

आता रुग्णालयाचं वेळापत्रक बघा. नॉर्मल प्रसूती झाली की साधारण ४८ तासांनी घरी सोडतात. म्हणजे बीपी चढायला लागतं, तेव्हा बाळंतीण घरी पोचलेली असते.

घरी सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. बाळाचं वजन, बाळाचं दूध, बाळाची कावीळ, बारशाची तयारी. आईचं बीपी कोणी मोजत नाही. तिचं डोकं दुखलं तर कान बांधतात, अंग शेकतात, ओव्याची धुरी देतात. काजवे दिसले तर 'अशक्तपणा आलाय, डिंकाचा लाडू खा' म्हणतात. शेक-शेगडी, लाडू यांना कोणाची हरकत असायचं कारण नाही. पण त्यांनी बीपी उतरत नाही, आणि त्यात गेलेला एक दिवस महागात पडू शकतो.

गरोदरपणात बीपी अगदी व्यवस्थित असलेल्या बाईलाही बाळंतपणानंतर हा आजार होऊ शकतो. बहुतेक वेळा तो पहिल्या काही दिवसांत होतो, पण सहा आठवड्यांपर्यंत धोका राहतो. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपायची पद्धत आहे आणि डॉक्टरही ४२ दिवस सांगतात. दोन्ही हिशेब जवळपास सारखेच आहेत. त्या सव्वा महिन्यात बीपी मोजण्याची भर घातली की झालं.

हे जमवायचं कसं? दवाखान्यात प्रसूती झाली असेल, तर आशाताई घरी सहा भेटी देतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या भेटी मुख्यतः बाळासाठी असतात. पण तिसऱ्या आणि सातव्या दिवशी त्यांना आवर्जून सांगा, 'आईचं बीपीही बघायचंय.' त्यांच्याकडे यंत्र नसेल तर उपकेंद्रात बीपी मोजून मिळतं. गरोदरपणात बीपी वाढलेलं होतं, त्यांनी तर घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात ही तपासणी चुकवूच नये. बीपीच्या गोळ्या सुरू असतील तर 'आता बाळ झालं' म्हणून त्या स्वतःहून बंद करू नयेत. अंगावर पाजताना चालतील अशी औषधं असतात, डॉक्टर तीच देतात.

फिट आलीच तर काय करायचं?

- बाईला डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा.
- तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका.
- चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.
- हातपाय दाबून धरू नका.
- १०८ वर फोन करा आणि 'गरोदर आहे' किंवा 'बाळंतीण आहे, इतके दिवस झालेत' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. बाळंतपणाचा उल्लेख राहिला, तर फिट मिरगीची समजली जाऊ शकते आणि उपचाराची दिशाच बदलते. झटका येणं हे बाहेरचं काही लागल्याचं लक्षण नाही. देवऋष्याकडे जायच्या वेळेत बाई आरोग्य केंद्रात पोचू शकते.

हा आजार टाळता येतो का?

पूर्णपणे नाही. पण धोका कमी करता येतो.

*अॅस्पिरिन:* जास्त धोका असलेल्या स्त्रियांना डॉक्टर कमी डोसची अॅस्पिरिन देतात. ती १६ आठवड्यांच्या आत सुरू केली तर जास्त उपयोग होतो. २०१७ च्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात, ३७ आठवड्यांआधी होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाचं प्रमाण यामुळे ६२ टक्क्यांनी कमी झालं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात सहा देशांतल्या सुमारे १२ हजार पहिलटकरणी होत्या. त्यांत नागपूर आणि बेळगाव भागातल्या स्त्रियाही होत्या. अॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये वेळेआधी प्रसूतीचं प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आलं. मात्र ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करायची नाही.

*कॅल्शियम:* ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे, त्यांना याचा फायदा होतो. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून रोज दोन गोळ्या मोफत देतात. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

*मीठ बंद करणं, पूर्णवेळ झोपून राहणं:* यांनी प्रीएक्लॅम्पसिया टळतो असा पुरावा नाही.

*गरम पाण्याची कुंडं:* कुंडातल्या स्नानाने बीपीचा आजार बरा होत नाही. गरोदरपणात फार गरम पाण्यात बराच वेळ बसू नये. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना तिथे चक्कर येऊ शकते.

*तपासणी:* गरोदरपणात किमान चार तपासण्या ठरलेल्या आहेत. पहिली १२ आठवड्यांच्या आत. २०१६ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत मोफत तपासणी होते. जायच्या वेळी नुसतं 'बीपी बरोबर आहे' यावर थांबू नका. आकडा विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली आणि पाय जमिनीवर हवेत.

पुढच्या आयुष्यात काय?

प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बहुतेक स्त्रियांचं बीपी काही आठवड्यांत मूळ पातळीवर येतं. पुढच्या गरोदरपणात तो पुन्हा होण्याची शक्यता साधारण सहात एक असते. त्यामुळे दुसऱ्या वेळी दिवस राहिल्या राहिल्या डॉक्टरांना आधीचा त्रास सांगायला हवा. अॅस्पिरिनचा विचार त्याच वेळी करता येतो.

अशा स्त्रियांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट असतो. त्यांनी वर्षातून एकदा तरी बीपी आणि साखर तपासून घ्यावी. चाळिशीत डॉक्टरांकडे गेल्यावर 'बाळंतपणात बीपी वाढलं होतं' हे सांगायचं असतं, हे अनेकींना ठाऊकच नसतं.

महाराष्ट्राचा माता मृत्यूदर देशात सगळ्यात कमी असलेल्या राज्यांमध्ये गणला जातो. २०१८-२० च्या आकडेवारीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे तो ३३ होता, देशाचा ९७. ही चांगली गोष्ट आहे. पण सरासरीच्या आकड्यात अंबाडी नाक्यापर्यंतचा रस्ता, वीटभट्टीवरची झोपडी आणि बाळंतपणानंतरचा चौथा दिवस दिसत नाही.

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी गरोदर असेल किंवा नुकतीच बाळंत झाली असेल, तर तिला आज एकच प्रश्न विचारा: शेवटचं बीपी कधी मोजलं आणि किती होतं? तिला उत्तर देता आलं नाही, तर उद्या सकाळी तिच्याबरोबर उपकेंद्रात जा.